झाडाचं दूध

धुळाआबांचं कुत्रं दोन महिन्यांत असं माजलं की वाडीत त्याची चर्चा व्हायला लागली. धनगराचं कुत्रं म्हणजे बरगड्या मोजून घ्याव्यात असं, पण ह्याच्या अंगावर बसलेली माशी घसरून पडावी अशी तुकतुकी आलेली. कुणी म्हणालं, शिकार करत असंल. कुणी म्हणालं, कुणाच्या तरी कोंबड्या कमी होत असतील. आबा दोन्ही कानांनी ऐकत होते आणि दोन्ही कानांनी सोडून देत होते.

एका सकाळी ते वैरणीला निघाले. बांधापर्यंत गेल्यावर विळा घरीच राहिल्याचं ध्यानात आलं, म्हणून माघारी फिरले. गोठ्यामागं बघतात तर त्यांची नात सोनम उकिडवी बसलेली, हातात तांब्या, आणि म्हशीचं निरसं दूध कुत्र्याच्या ताटलीत ओततेय. कुत्रंही असं सवयीनं पीत होतं की हे काही आजचं नव्हतं, हे सांगायला पंच नको होते.

आबा विळ्याचं विसरूनच गेले. त्यांची वाडी, करंजओढा, म्हणजे आटपाडीच्या पूर्वेचं माळरान. पाऊस तिथं पाहुण्यासारखा यायचा आणि चहा घ्यायच्या आत निघून जायचा. अशा मुलखात आबांनी सोनमसाठी खास दुभती म्हैस आणली होती. लेक आणि सून मेंढरं घेऊन फलटणच्या अंगाला उसाच्या रानात, खतापायी कळप बसवायला गेलेली. पोर आजा-आजीपाशी. एकोणीस वर्षांची सोनम रोज पहाटं वडापच्या जीपनं आटपाडीच्या तालमीत जाई, मॅटवर घाम गाळून येई, आणि आली की आबा लिटरभर दूध तिच्या हातात देऊन वैरणीला जात. आबाही एके काळी जत्रंत कुस्त्या मारलेले. दूध आणि कुस्ती ह्या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्याच.

"कवापास्नं चाललंय ह्ये?" आबांनी विचारलं.

सोनम उठली. तांब्या लपवायची सोय नव्हती. "आबा, मला दूध सोसत न्हाई. दोन वर्सं झाली. पोटात कळा येत्यात, फुगतंय. मागल्या खेपंला सांगलीत हारले ना मी, ती डावाला हारले न्हाई. पोटाला हारले."

"धनगराची पोर हायस तू. तुझा पणजा मेंढीच्या कासंला तोंड लावून दूध प्यालाय. आन तुला सोसत न्हाई?"

आवाज ऐकून सोनमची आजी रंगुबाई चुलीपास्नं बाहेर आली. तिनं एकवार नातीकडं, एकवार कुत्र्याकडं बघितलं आणि म्हणाली, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आधी तिचं ऐकून तर घ्या. पण आबांनी पुढं जे ऐकलं त्यानं आणखीच भडका उडाला. सोनम काही उपाशी राहत नव्हती. रोज संध्याकाळी ती शालूबाईच्या घरी जात होती, आणि शालूबाई तिला नारळाच्या दुधातली थंडाई करून पाजत होती.

शालूबाई म्हणजे बाळासोची बायको. बाळासो सोन्याच्या गलाईच्या धंद्यात होता, म्हणजे जुनं सोनं आटवून चोख करायचं काम. त्यापायी नवराबायकोनं पंचवीस वर्षं केरळात, त्रिचूरला काढली होती. आता पोरगा तिकडचं दुकान बघत होता आणि ही दोघं गावी घर बांधून राहिली होती. शालूबाईनं तिकडनं एक खोड आणली होती. फोडणीला खोबरेल तेल. वाडीतल्या बायका नाकाला पदर लावत. त्या म्हणत, शालूबाईच्या आमटीत केस सापडला तर तोही तेल लावलेलाच सापडंल. बोलायला, बसायला सगळ्या जात, जेवायला कुणी थांबत नसे.

आणि आपली नात दूध कुत्र्याला घालून त्या घरी नारळ पिते, हे आबांच्या जिव्हारी लागलं. चार दिवस ते बाळासोशी बोलले नाहीत. बाळासोला कारण ठाऊक नव्हतं. तो रोज "राम राम आबा" म्हणे आणि आबा लिंबाच्या झाडाकडं बघून मान हलवत.

पाचव्या दिवशी आबा तालमीत गेले. गुंडा वस्ताद पोरींचा सराव घेत होता. आबांनी सगळी कैफियत मांडली, आणि वस्तादानं पोरीला चांगलं दमात घ्यावं असं सांगितलं. वस्तादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, शिव्या द्यायच्या तर मला द्या, कारण आठवड्याला एकदा पोट धरून बसलेली पोर मी बघत होतो आणि मलाही वाटत होतं की भीती वाटत असंल. तिला डॉक्टरला दाखवा. राज्याच्या स्पर्धेची निवड दीड महिन्यावर आलीय.

सांगलीची डॉक्टरीण तरणी होती. आबांना वाटलं, ही काय सांगणार. पण तिनं सोनमला नीट तपासलं, काय खाल्ल्यावर काय होतं ते एकेक विचारून कागदावर लिहिलं, आणि आबांना समजेल असं सांगितलं. दुधात एक साखर असते. ती पचवायला पोटात जे लागतं ते काही माणसांत वय वाढेल तसं कमी होतं. हा रोग नाही, नाटक नाही आणि कुळाचा कमीपणाही नाही. आबांनी विचारलं, मग ताकद कुठनं येणार? ती म्हणाली, अंडी, डाळी, शेंगदाणे, मटकी. नारळाचं दूध चालेल, पण त्यात बहुतेक स्निग्धपणाच असतो.

"नारळ तुपाच्या जागी धरा आजोबा, दुधाच्या जागी धरू नका," ती म्हणाली. "खोबरेल तेलसुद्धा चमचाभर. चांगलं आहे म्हणून वाटीभर नको. आणि घरात आणखी कुणाला दूध सोसत नाही का? हे रक्ताच्या माणसांत बऱ्याचदा असतं."

आबा ठामपणे न्हाई म्हणाले. पण एसटीत बसल्यावर, तासगाव मागं पडल्यावर, त्यांच्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं. रंगुबाई कोरा चहा प्यायची. लगीन झाल्यापास्नं. घरात कासांड्या भरून दूध असायचं तेव्हाही कोराच. आबांना कायम वाटत आलं होतं की बाई काटकसरी आहे. चार माणसांत त्यांनी तिचं त्याबद्दल कौतुकही केलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी पटका खुंटीला अडकवला आणि चुलीपाशी बसले. "रंगे, तू कोरा च्या का पितीस?"

रंगुबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "दुधाचा प्याला की पोटात गुरगुरतंय. ल्हानपणापास्नं."

"मग बोलली न्हाईस कवा."

"तुमी इचारलं कवा?"

भाकरी तव्यावर फुगली, उलटली, निखाऱ्यावर गेली. इतकी वर्षं संसार केलेला माणूस आपल्या बायकोच्या पोटात काय होतं ते एका परक्या डॉक्टरणीकडनं शिकून आला होता. त्याला त्या रात्रीची भाकरी जरा जडच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा बाजारातनं चार नारळ घेऊन शालूबाईच्या दारात उभे राहिले. आत यायला सांगितलं तरी उंबऱ्यावरच घुटमळले. आमच्या पोरीला जे देतीस ते कसं करायचं, एवढं दाखव म्हणाले. इतक्या दिवसांचा अबोला शालूबाईच्या ध्यानात नसेल असं नाही, पण ती थोराघरची बाई. तिनं काही विचारलं नाही, टोमणा मारला नाही. नारळ फोडले, खवणी आबांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "बसा आबा. खवा."

मेंढरांची लोकर कातरलेले हात ते. अर्ध्या तासात चारही नारळ खवून झाले. शालूबाईनं तो खोबऱ्याचा चव कोमट पाण्यात घालून वाटला, पांढऱ्या फडक्यात बांधला आणि पिळायला आबांकडं दिला. पैलवानाची मूठ वळली आणि पातेल्यात दाट पांढरं दूध उतरलं. पिळलेल्या चोथ्यात परत पाणी घालून दुसऱ्यांदा पिळलं ते पातळ निघालं. पातळ आमटीला, दाट थंडाईला, असं शालूबाईनं सांगितलं. दाट दूध तिनं झाकून ठेवलं. तेवढ्या वेळात तिनं भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप आणि चार मिऱ्या वाटून घेतल्या.

झाकण काढलं तर वर जाडसर थर आलेला. आबांनी न विचारता त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून बघितलं. जन्मभर दूध हाताळलेला माणूस तो, त्याला डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळे.

"ही साय हाय," आबा म्हणाले.

"सायच हाय."

"म्हंजी झाडबी दुभतं असतंय म्हणायचं." आणि आबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

शालूबाईनं वाटण दाट दुधात कालवून थंडाई करून दाखवली, आणि आबांनी रंगुबाईच्या कोऱ्या चहाचं सांगितलं तसा गुळाचा चहा ठेवला. खाली उतरवून, उकळी बसल्यावर, त्यात पळीभर ती साय घातली. चुलीवर असताना घातली की फुटते, हे बजावून सांगितलं. आबा त्या चहाची किटली फडक्यात धरून जपत घरी आले आणि रंगुबाईच्या पुढ्यात कप ठेवला. तिनं आधी वास घेतला, मग घोट. मग दुसरा. आबा समोर बसून वाट बघत होते. तासभर गेला, रंगुबाईचं पोट काही बोललं नाही. उरलेला चहा तिनं मग बशीत ओतून फुर्रकन ओढला, आणि बाई चहाच्या बशीकडं असं बघत होती की जणू माहेरचं माणूस भेटलंय.

पुढं दीड महिना आबांच्या घराचा सगळा रिवाज बदलला. सकाळी दोन अंडी, दुपारी मटकी नाहीतर डाळ, संध्याकाळी थंडाई. म्हशीचं दूध डेअरीला जायला लागलं. रंगुबाईनं शालूबाईकडनं मटकीच्या उसळीची रीत शिकून घेतली. चमचाभर खोबरेल तेल, कढीपत्ता, मोहरी, वरनं खोबऱ्याचं पातळ दूध. पहिल्या घासाला आबांना न्हाव्याच्या दुकानात जेवतोय असं वाटलं. तिसऱ्या घासाला न्हाव्याचं दुकान मागं पडलं आणि पाचव्याला त्यांनी वाटी पुढं केली.

निवडीच्या दिवशी बाळासोनं आपली गाडी काढली. आबा, सोनम आणि मांडीवर थर्मास धरलेली रंगुबाई, अशी मंडळी सांगलीला पोचली. हॉल पैलवानांच्या आईबापांनी भरलेला. कुणी दुधाच्या किटल्या, कुणी तुपाचे डबे घेऊन आलेलं. शेजारी कृष्णाकाठचा एक बागायतदार बसला होता, पांढरा कडक शर्ट, मिशीला पीळ. त्याची पोर सोनमच्याच वजनाची. मागल्या खेपंला तिनंच सोनमला पाडलं होतं. सोनमनं सकाळी थंडाईचा कप घेतला तेव्हा त्यानं मान वाकडी करून विचारलं, आबा, काय पाजताय? आबांनी इकडंतिकडं बघितलं. एवढ्या दूधवाल्यांच्या गर्दीत धनगरानं नारळाचं नाव काय घ्यायचं? "काढा हाय," ते पुटपुटले.

सोनमनं पहिल्या दोन कुस्त्या सहज मारल्या. शेवटच्या कुस्तीला समोर तीच पोर आली. उंच, हाताला लांब, पटात शिरून पाय धरायला सापासारखी. पहिल्या डावाच्या तीन मिनिटांत तिनं दोनदा सोनमचा ताबा घेतला. चार गुण तिचे, सोनमचे दोन. आबांनी रंगुबाईचं मनगट धरलं होतं, ते किती घट्ट धरलंय ह्याची त्यांना शुद्ध नव्हती.

दुसऱ्या डावात मात्र चित्र पालटायला लागलं. सोनमचा श्वास सरळ होता. ती सरकत होती, ढकलत होती, समोरचीला मॅटच्या कडेकडं रेटत होती. ती उंच पोर एकदा वाकली ती चटकन उठली नाही. सोनमनं तेवढ्यात पट काढला, दोन गुण. बरोबरी. शेवटचं मिनिट राहिलं तसा सोनमनं तिचा हात बगलेत घेतला, कंबर घातली आणि तिला उचलून खाली आणली. गुंडा वस्तादानं टॉवेल वर फेकला. पंचानं सोनमचा हात वर केला तेव्हा रंगुबाई पदरानं डोळे पुसत होती आणि बाळासो अनोळखी माणसाला मिठी मारत होता.

आबा जागचे उठले नाहीत. बागायतदार त्यांच्याकडं आला. त्याच्या मिशीचा पीळ जरा उतरला होता. सोनमचं कौतुक केलं त्यानं, मनापास्नं. मग खाली बघून म्हणाला, "आमच्या पोरीचा दुसऱ्या डावाला दमच जातोय. पोटात कळ येती म्हणती. घरच्या म्हशी हायत, तीन-तीन लिटर दूध पाजतोय. मी म्हणतो, नाटकं करती."

आबांनी पलीकडं बघितलं. ती पोर भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या आसपास कुणी नव्हतं.

"मघाशी मी खोटं बोललो," आबा म्हणाले. "काढा न्हवं तो. नारळाचं दूध हाय. आमच्या शालूबाईनं शिकवलं. माझ्या नातीला दूध पचत न्हाई. धनगराची हाय, पर पचत न्हाई." आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वळवल्या. आबांनी आवाज कमी केला नाही.

"मग मी काय करू? नारळ आणू?"

"नारळ मागनं आणा. आधी डॉक्टरला दाखवा. आन त्येच्या बी आधी जाऊन तिच्यापाशी बसा, इचारा. मी दोन वर्सं इचारलं न्हाई."

बागायतदार भिंतीकडं गेला. मग कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी पोरीच्या शेजारी, भुईवरच बसला. त्यानं काय विचारलं ते आबांना ऐकू आलं नाही. पोरीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं, आणि ती बोलायला लागली ती कितीतरी वेळ थांबलीच नाही.