गाडी कुठल्या हाताला होती

सेरेनने लाटणं पिरीच्या नाकासमोर धरलं.

"शेवटचं विचारते. उजव्या हाताला, की डाव्या?"

"डाव्या," पिरी म्हणाली आणि खसखशीच्या सारणात बोट बुडवून चाटलं. "साखर कमी आहे, ताई."

इस्राएलमधल्या हैफातल्या त्या स्वयंपाकघरात सकाळपासून हा एकच प्रश्न शिजत होता. आदल्या दिवशी सेरेनच्या मुलीने, नुरीतने, फोनवर एक पान उघडून दाखवलं होतं. कुणा गृहस्थाने दोघी बहिणींच्या जुन्या मुलाखती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. ऑशविट्झच्या छावणीला आगगाडीतून उतरून चालताना गाडी उजव्या हाताला होती, असं सेरेन सांगते. डाव्या हाताला, असं पिरी. बहिणी दोन, गाडी एक, बाजू दोन. तेव्हा गाडी नव्हतीच, छावणीही नव्हती, आणि कोणी मेलंसुद्धा नाही, असं गृहस्थाचं म्हणणं.

"मग आईचा पत्ता मागून घे त्याच्याकडून," पिरी नुरीतला म्हणाली होती.

रविवारी दोघींना एका शाळेत बोलायचं होतं. ते पान तिथल्या मुलांनी पाहिलेलं असणारच.

"तू उजवी म्हण, म्हणजे मिटलं," सेरेन म्हणाली.

"मला डावीकडे दिसली, तर उजवी कशी म्हणू?"

"अगोबाई! सर्कशीतल्या सिंहाला मिरपूड हुंगवून शिंकायला लावणारी तू. बंदरावरच्या इंग्रज कप्तानाला बटाटे सोलायला बसवणारी तू. आणि आता एका हातावर अडलीस?"

"कप्तान खरा होता. बटाटे थोडे वाढवले."

गल्लीत पिरीने किती वाजले ते सांगितलं, तरी लोक स्वतःच्या घड्याळात बघून खात्री करत. सेरेनने उभा जन्म औषधांच्या दुकानात काढलेला. तिची पुडी कधी गुंजभरही चुकली नाही. तेव्हा दोघींत चुकलं कोण, हे विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती. नुरीतलासुद्धा नाही. आणि गंमत अशी, की त्या एका गोष्टीत पिरीने आयुष्यात कधी चिमूटभर मीठ घातलं नव्हतं. ती तिने एकदाच सांगितली होती, कॅमेऱ्यासमोर, हात मांडीखाली दाबून.

पिरी खुर्चीवर बसली. बोटाची खसखस एप्रनला पुसत राहिली, बोट स्वच्छ झालं तरी.

"ताई, मी रचलं तर नसेल ना गं? मला काही कळेनासंच झालंय."

तिच्या आवाजात हसू नव्हतं. सेरेनने लाटणं खाली ठेवलं.

"ऊठ. हा फ्रीज म्हणजे गाडी. चल."

तिने पिरीचं मनगट पकडलं, तेव्हा गाडीतून उतरल्यावर पकडलं होतं तसंच, आणि फ्रीज उजवीकडे ठेवून ती पुढे निघाली. दोन पावलांवर हाताला ओढ लागली.

"अशी नव्हते मी," पिरी म्हणाली. ती जागच्या जागी वळली, सेरेनकडे पाठ केली, आणि मागे मागे पाय टाकू लागली. ओट्यापर्यंत दोघी तशाच गेल्या, एक सरळ, एक उलटी.

पिरी थांबली. फ्रीज तिच्या डाव्या हाताला होता.

"उलटी चालत होतीस तू," सेरेन म्हणाली.

"आई मागे होती ना."

ओट्यावरची पोळी वाळायला लागली होती. सेरेनने तिच्यावर ओलं फडकं टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं.

"मी वळलेच नाही," ती म्हणाली. "वाटलं, रात्री भेटेलच." मग फडक्याचं टोक सारखं करत, "पिरी, ती कुणाकडे बघत होती?"

"तुझ्याकडे."

"माझी तर पाठ होती."

"पाठीकडेच. सारखी."

"खरं?"

"ताई, खसखस करपेल हं," पिरी म्हणाली. गॅस तर केव्हाचा बंद होता.

सूर्य समुद्राकडे कलला, तशी सेरेनने यहुदी रीतीप्रमाणे शुक्रवारच्या मेणबत्त्या लावल्या. हातांनी ज्योतींचा उजेड स्वतःकडे ओढून घेतला आणि डोळे झाकले. प्रार्थना संपली तरी हात खाली आले नाहीत.

"रविवारी तू डावीच म्हण," हातांआडून ती म्हणाली. "मी उजवी म्हणेन. का ते दोघी सांगू."

पिरीने डोळे झाकलेच नव्हते. ती मागे उभी राहून बहिणीच्या पाठीकडे बघत होती.