रेणुकादासरावांची साक्ष

निजामाच्या शेवटच्या वर्षांत नांदेडच्या अदालतीत रेणुकादासरावांच्या तोडीचा वकील नव्हता. अंगात काळी शेरवानी आणि हात रिकामे. कागद न्यायचेच नाहीत. साक्षीदाराला त्याचीच जुनी जबानी उर्दूतून अशी घडाघडा ऐकवायचे, की तो बिचारा घाम पुसत बसायचा. लोक म्हणत, दप्तर जळेल, पण वकीलसाहेबांचं डोकं जळायचं नाही.

आणि एका उन्हाळ्यात तालुक्याचं दप्तर खरंच जळालं. त्यात खातूनबीचा कागद गेला. तिचा नवरा हजला निघताना बिलोलीची आमराई वकिलांच्या सासऱ्याकडे सांभाळायला देऊन गेला, तो तिकडेच वारला. सासरे होते तोवर आंब्याच्या पाट्या बिनबोभाट खातूनबीच्या दारात जायच्या. ते गेले आणि मेहुणा हणमंतराव म्हणू लागला, आमराई आमच्या खरेदीची. दोन्हीकडचे साक्षीदार सारखेच तोंडाळ. शेवटी खातूनबीनं एकच नाव दिलं. तो कागद रेणुकादासरावांनीच लिहिला होता.

हणमंतरावानं बहिणीला, वकिलांच्या बायकोला, प्रेमलाबाईंना गाठलं. "अक्का, दाजी माझ्या उलट बोलले तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको." त्याच घरात आई अंथरुणाला खिळलेली होती.

साक्षीच्या दिवशी प्रेमलाबाईंनी नवऱ्याचं पान वाढलं आणि म्हणाल्या, "खोटं बोला म्हणत न्हाई मी. आठवत न्हाई, एवढंच म्हणा. माणूस विसरतोच की."

"मी?"

"एकदा. माझ्यासाठी."

वकील भरल्या पानावरून उठले.

घरी बसवेना म्हणून प्रेमलाबाई अदालतीत गेल्या आणि वऱ्हांड्यातल्या खिडकीशी उभ्या राहिल्या. तिथंच खातूनबी भिंतीला टेकून बसली होती. तिनं सरकून जागा दिली. "बसा बाई. वकीलसाब आलेत, आता कशाचं भ्याव न्हाई." प्रेमलाबाईंना तिच्याकडे बघवेना.

आत खातूनबीच्या वकिलानं, जलीलनं, विचारलं, "कागद आपणच लिहिलात?"

"हो."

"मजकूर काय होता?"

रेणुकादासरावांनी खिडकीकडे पाहिलं.

"याद नाही."

मागं कोणीतरी हसलं. वकीलसाहेबांनी थट्टा केली असं त्याला वाटलं. मुन्सफांनी लेखणी खाली ठेवली.

"वार कोणता होता?"

"शुक्रवार."

"हजर कोण होतं?"

"खातूनबीचे मालक, माझे सासरे, आणि शेजारचे पंचाक्षरी. तिघंही आता हयात नाहीत."

"लिहायला बसलात कुठं?"

"ओसरीवर. शाई संपली म्हणून पंचाक्षरींच्या घरून दौत आणली. तिचं झाकण फुटलेलं होतं."

गप्प बसा, गप्प बसा, प्रेमलाबाई मनात म्हणत होत्या. पण विचारलं की आठवायचं, ही जन्माची खोड. ती एका सकाळीत कशी सुटणार?

"आणि मजकूर?"

"याद नाही."

"दौतीचं झाकण याद आहे, मजकूर नाही!" मुन्सफ म्हणाले. "मेहुण्याच्या बाजूचा असता तर कानामात्रेसकट ऐकवला असतात. वकीलसाहेब, आपण काय विसरलात ते अदालतीला समजलं."

दिवस मावळायच्या आत आमराई खातूनबीची झाली. हणमंतराव तणतणत बाहेर आला. "अक्का, नवऱ्याकडून केसानं गळा कापलास! आईला सांगतो, तुझी लेक मेली."

खातूनबी वकिलांपुढे आली. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता.

"वकीलसाब, तुमी बी?"

रेणुकादासरावांना राहवलं नाही. भर वऱ्हांड्यात, आता कशाचाच उपयोग नसताना, ते तो कागद पहिल्या अक्षरापासून म्हणू लागले. आमराईच्या चतुःसीमा झाल्या, विहीर झाली, आंब्यांची झाडं झाली. "मालक परतल्यास त्यांना, न परतल्यास त्यांची बीबी खातून हिला बिनतक्रार परत देईन. यात अंतर करणार नाही. माझी एकुलती लेक प्रेमला, तिच्या गळ्याची शपथ."

प्रेमलाबाईंनी खिडकीचा गज धरला. वडिलांची ही शपथ एवढ्या वर्षांत नवऱ्यानं कधी सांगितली नव्हती, आज सकाळीसुद्धा नाही.