एकमताचा अहवाल

"पोरीला चक्क खाटेला बांधून जाते? आई आहे की कोण ती!" फोनच्या पडद्यावरच्या, स्पेनमधल्या ऐनोआने कपाळाला हात लावला.

मार्यूरीने घाईघाईने आवाज कमी करायला बोट नेलं, पण ते बटण केव्हाच निकामी झालं होतं. मागे चुलीपाशी आई नारळ किसत होती. किसणी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात यंदा हे नवं खूळ निघालं होतं. इथल्या, बुएनाव्हेन्तुरा बंदरातल्या मुलींनी स्पेनमधल्या मुलींशी ऑनलाइन जोडी जमवायची, आपल्या वस्तीतलं एक प्रकरण नाव बदलून मांडायचं आणि दोघींनी मिळून एकमताने अहवाल द्यायचा. एकमत नाही तर गुण नाहीत. संपामुळे मार्यूरी जिथे काम शिकायची ते समाजकेंद्र दोन महिने बंद होतं, मग प्रकरण आणणार कुठून? तिने घरचंच दिलं. आईचं नाव तेवढं बदललं आणि सगळं आजचंच असल्यासारखं सांगितलं.

ओहोटी लागली की आई खारफुटीच्या चिखलात शिंपल्या वेचायला जायची. घर पाण्यात रोवलेल्या खांबांवर आणि जमिनीच्या फळ्यांत हातभर फटी. रांगती मार्यूरी खाली पडू नये म्हणून आई तिला चादरीच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधून जायची. वस्तीतल्या सगळ्याच आया बांधत.

"अगं, घराखाली समुद्र आहे," मार्यूरी म्हणाली.

"मग पाळणाघरात ठेवायचं ना!"

"इथे पाळणाघर नाही."

"मग मूल तिच्याकडून काढूनच घ्यायला हवं. बिचारी पोर! तसं लिहू ना? नाहीतर दोघींचेही गुण जातील गं."

ऐनोआ वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं. ती पोर मीच आहे आणि त्या पट्टीमुळेच जिवंत आहे, हे मार्यूरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. शरमेने तिने ते गिळलं. आपल्याला आईची लाज वाटली नव्हती, अशी समजूत तिने पुढे स्वतःची पुष्कळ घातली.

"लिही," ती म्हणाली. "आई मूल सांभाळायला लायक नाही. मूल संस्थेत द्यावं."

फोन बंद झाला. आई हात पुसत पुढे आली.

"झालं एकमत?"

"आई, ते नुसतं अभ्यासापुरतं..."

आई चिडली नाही, रडलीही नाही. सरकारी कचेरीतून कुणी आलं तरच निघणारी चिनी मातीची ताटली तिने फळीवरून काढली. तीत भात आणि मासा वाढला. झग्याच्या टोकाने स्टूल पुसलं आणि दोन पावलं मागे सरून ती अदबीने उभी राहिली.

"बसा, मॅडम," ती म्हणाली. "गरिबाघरचं आहे, गोड मानून घ्या."