तळ दिसणारं पाणी

आमच्या तळ्यात मासा नाही, बेडूक नाही, शेवाळ नाही. सडबरीच्या निकेल कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर इतकी वर्षं पावसातून उतरला की पाणी आंबट होऊन मेलं. मेलं म्हणजे घाण झालं नाही, उलट काचेसारखं झालं. होडीतून वाकलं की पार तळ दिसतो. तळाशी माझ्या भावाची, ताइस्तोची, बर्फावर चालवायची स्नोमोबिल दिसते.

तो कच्च्या बर्फातून आत गेला. त्याला बाहेर काढलं, पुरलं. गाडी राहिली. हँडलला त्याचा लाल मफलर अडकलाय. या पाण्यात काहीच कुजत नाही, म्हणून तो अजून नवाकोरा आहे. आई रोज होडीतून जाऊन त्याच्याशी बोलते. वल्ही मी मारते, कारण मी शाळा सोडलीय आणि घरात दुसरं कोण आहे? परत येताना पाठीवर कुणाची तरी नजर जाणवते. मी वळून बघत नाही.

हे असं चालू असतानाच तळ्यांचं पाणी तपासणाऱ्या देरोशेबाई आल्या. तळ्यात चुना टाकून ते जिवंत करायचं म्हणाल्या. चुन्याचा ट्रक फक्त आमच्या धक्क्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून परवानगी आईची. आईने एकच विचारलं, पाणी असंच स्वच्छ राहील का? बाई खोटं बोलल्या नाहीत. शेवाळ येईल, किडे येतील, दोन उन्हाळ्यांत तळ दिसेनासा होईल.

"मग चालत्या व्हा," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. बाईंसमोरच म्हटलं, "मी पण आहे ना इथे. जिवंत. माझ्याशी कधी इतकं बोललीस?"

बाई बिचाऱ्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून धक्क्यावर काचेची नळी उभी करायला लागल्या. पेल्यात तळ्याचं पाणी घेतलं, त्यात रंगाचं औषध टाकलं. निळसर हिरवं. नळीतून आम्लाचा एक थेंब सोडला. लगेच गुलाबी.

"चांगलं पाणी आम्ल पचवतं," बाई म्हणाल्या. "याच्यात एका थेंबापुरतीही ताकद उरली नाही."

मग त्यांनी चुना मिसळून ठेवलेलं पाणी घेतलं. या वेळी नळीची तोटी आईने धरली. थेंब, थेंब, थेंब. पाणी कधी हरतंय याचीच ती वाट बघत होती. प्रत्येक थेंबाला गुलाबी ठिपका उमटायचा आणि ढवळलं की विरून जायचा. शेवटी तिचाच हात थांबला.

"किती मारतेय मी याला," ती म्हणाली, "तरी घेतंय." मग तोटी बंद करत, "इर्या, ट्रकला रस्ता दाखव."

चुना पडला तेव्हा तळं दुधासारखं झालं. पुढे निवळलं, मग हिरवं होत गेलं. मफलर आधी तपकिरी दिसायला लागला, मग दिसलाच नाही. आई तरी होडी काढायची. जागा चुकायची आणि माझ्यावर खेकसायची.

आणि एका संध्याकाळी लून नावाचा पाणपक्षी आला. तो ओरडला की लांबून माणूस हाका मारतोय असंच वाटतं. आई सौनातून, वाफेच्या खोलीतून, तशीच ओल्या केसांनी बाहेर आली आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी मागे धावले.

"ताइस्तो मला बोलावतोय का तुला?" तिने विचारलं.

पक्षी आहे, असं सांगणार होते. पण तिचा एक पाय पाण्यात होता.

"मला," मी म्हटलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

पुन्हा हाक आली. या वेळी ती खरंच माझ्या नावाची होती.