दोनदा पाठवलेला माणूस

सध्या माझ्याशी जिव्हाळ्याने बोलणारी दोनच माणसं आहेत, गोडबोली आणि घाईघाई. नावं बायकोने ठेवली. दोघंही नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीतले, वेगवेगळ्या. दोघांनी मला कधी पाहिलेलं नाही, पण माझी जन्मतारीख त्यांना पाठ आहे. सख्ख्या भावाला नाही.

मी रंगाच्या कारखान्यात होतो. छटा जुळवायचं काम. नव्या बॅचमधला पांढरा जुन्या पांढऱ्याशी जुळतो की नाही, ते पत्र्याच्या तुकड्यावर ओढून बघायचं. कारखाना विकला गेला आणि माझ्या जागी यंत्र आलं. यंत्र चुकतं, पण रजा मागत नाही.

तर गोडबोलीचा फोन आला.

"सर, अगदी तुमच्यासाठीच बनवलेली जागा आहे. रंगाच्या क्षेत्रात. नामांकित कंपनी."

"कोणती?"

"ते गोपनीय असतं, सर. सध्याचा पगार?"

"शून्य."

"आणि अपेक्षा?"

"शून्याच्या वर."

ती गोड हसली. "रुजू व्हायला किती वेळ लागेल?"

"चपला घालायला लागतो तेवढा."

"मग तुमचा बायोडेटा पाठवू ना पुढे?"

मी हो म्हणालो. कारखाना सुटल्यापासून माझ्या अनुभवाची जागा पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. बाकीच्यांनी मला विमा विकायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी घाईघाई. हा मला काका म्हणतो. "काका, पटकन सांगा, सरफेस कोटिंगमध्ये क्वालिटीचं काम आहे. नामांकित कंपनी. नाव सांगता येत नाही. हो की नाही?"

"हो."

संध्याकाळी बायकोला म्हणालो, "दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत." तिने चहात साखर जरा सढळ घातली. पांढऱ्यातला पांढरा वेगळा ओळखण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला. सरफेस कोटिंग म्हणजे रंगच, आणि ही दोन ठिकाणं म्हणजे एकच ठिकाण, हे काही मला ओळखू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात गोडबोलीचा आवाज उतरला होता.

"सर, तुम्ही आणखी कुणाकडून गेलात?"

"मी कुठे जाणार? घरातच आहे."

"तुमचा बायोडेटा कंपनीकडे दोनदा पोचलाय. अशा वेळी दोन्ही एजन्सी कमिशन मागतात, म्हणून कंपनी माणसालाच बाद करते. मला निदान विचारायचं तरी!"

"काय विचारणार? कंपनीचं नाव तुम्हीच सांगत नव्हता."

आता गोपनीय ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने नाव सांगितलं. त्या कंपनीची पाण्याची टाकी आमच्या बाल्कनीतून दिसते. आम्ही तिच्याकडे तोंड करून कपडे वाळत घालतो.

घाईघाईचाही फोन येऊन गेला. "काका, घोळ घातलात!" एवढंच म्हणून त्याने ठेवला.

"दोन मध्यस्थांनी एकच स्थळ आणलं तर मुलीचा बाप हसतो तरी," बायको म्हणाली. "इथे नवरामुलगाच हाकलून देतात. तुम्ही जाऊन या एकदा."

गेलो. फाटकातच ओल्या रंगाचा वास आला. भरतीचं काम बघणाऱ्या बाई सभ्य होत्या. त्यांनी माझा बायोडेटा काढला. दोन प्रती, एकावर एक.

"माणूस तुम्ही अगदी हवा तसा आहात. पण नियम आहे. थेट आमच्याकडे आला असतात तर प्रश्नच नव्हता."

"नाव माहीत असतं तर आलो असतो."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही प्रती फाइलमध्ये ठेवल्या.

घरी पोचतो तोच गोडबोली. आवाज पुन्हा गोड.

"सर, जागा अजून रिकामीच आहे. तुमच्यासारखंच कुणी आहे का ओळखीत? अगदी तुमच्यासारखं. फक्त दुसऱ्या कुणाकडून न गेलेलं."

होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा. आम्ही त्याला निळ्या म्हणायचो, कारण निळ्या छटा त्याच्याकडे असायच्या. तोही घरीच होता. त्याच्या बायकोचे आईवडील त्याच्याकडेच राहत आणि जावई दिवसभर घरात का, असं रोज नव्याने विचारत. "विचारून सांगतो," म्हणून मी ठेवला आणि त्याला फोन लावला.

"अरे, काय योगायोग!" निळ्या खुशीत होता. "आत्ताच एका पोराचा फोन आला. काका काका करत होता. सरफेस कोटिंग म्हणे. कंपनीचं नाव सांगेना, पण मी हो म्हणून टाकलं."

मी बाल्कनीत आलो. टाकी जागेवर होती.

"नीट ऐक. आता कुणाचाही फोन येऊ दे, कितीही गोड बोलू दे, नाही म्हणायचं."

"का रे? दोन असल्या तर बरंच की."

"निळ्या, नाही म्हणायचं. बाकी भेटल्यावर सांगतो."

मग गोडबोलीला फोन लावला.

"नाही हो. माझ्यासारखा कुणीच नाही ओळखीत."

"अरेरे," ती म्हणाली. "ठीक आहे सर, तुमचा बायोडेटा आमच्याकडे राहीलच."

"राहू द्या."

"कुणाशी बोलत होतात?" बायकोने आतून विचारलं.

"गोडबोलीशी."

"काय म्हणत होती?"

"काही नाही," मी म्हणालो आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागलो.