कुत्र्याचं रक्त एकदाच

दादाने पुन्हा कुत्राच आणला. आजारी मांजर, आणि हा शहाणा कुत्र्याची साखळी धरून माझ्या दवाखान्याच्या दारात उभा! दुसऱ्या हातातल्या टोपलीत त्याची मनी मान टाकून पडली होती.

"मागच्यासारखं याचं रक्त दे तिला," तो म्हणाला. "लगेच उठून बसली होती की!"

माझं डोकंच फिरलं. गेल्या आठवड्यात मनी मोटारीखाली सापडली तेव्हा तिच्या गटाचं रक्त माझ्याकडे नव्हतं. मांजरांचेही रक्तगट असतात, आणि मनीचा दुर्मीळ. भलत्या गटाच्या मांजराचं रक्त दिलं असतं तर ती टेबलावरच गेली असती. कुत्र्याचं मात्र मांजराला अडीअडचणीला एकदा चालतं. फक्त एकदा, कारण पहिल्या खेपेला मांजराचं शरीर ते ओळखत नाही. ते उसनं रक्त चारेक दिवसांत नासतं, आणि पुन्हा दिलं तर मांजराचं शरीर त्याच्यावर असं तुटून पडतं की मांजरच मरतं. हे मी दादाला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. तेवढ्या दिवसांत मनीच्या सख्ख्या भावाला घेऊन ये, हेही सांगितलं होतं. त्याचा गट मी पूर्वीच तपासला होता, अगदी तिचाच.

अडचण एवढीच, की तो बोका बाबांकडे होता.

बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं, दादाही तेच करतो. दादाच्या एका खुर्चीला बाबा चारचौघांत हसले, तेव्हापासून दोघांत अबोला. मी बाबांकडे बोका मागितला तर म्हणाले, "ज्याची मांजर आहे त्याला तोंड नाही का?" दादाला सांगितलं तर म्हणाला, "बघू." दोघांचंही नाक वर, आणि मधल्या मध्ये जीव जाणार मनीचा.

तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या, कान आतून पिवळे. मी तिला तपासत होते तोवर कुत्रा स्वतःहून शेजारच्या टेबलावर चढला. मागच्या वेळी केस भादरलेली मान पुढे करून शेपूट हलवत बसला.

मला रडूच आलं. "बघ याच्याकडे!" मी दादावर ओरडले. "हा मान पुढे करतोय आणि तुला एक फोन करवत नाही!" बाबांचा नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाला टेकवला.

तिकडे बाबा "हॅलो" म्हणाले. दादाने मान वळवली, मी फोन तसाच दाबून धरला.

"बाबा," शेवटी दादाच्या तोंडातून निघालं, "बोका हवाय. मनी चाललीये."

"आलोच."

बाबा खरंच धापा टाकत आले. बोका एका नव्या लाकडी पेटीत होता. हवेला भोकं, आत जुनी शाल.

"ही कधी केलीत?" मी विचारलं.

"मनीला लागलं ना, त्याच संध्याकाळी."

म्हणजे इतके दिवस पेटी तयार होती! दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं मला. पण तेवढा वेळ मनीकडे नव्हता.

"दादा, कुत्र्याला खाली उतरव," मी म्हणाले. "बोक्याचं डोकं तू धर. बाबा, मागचे पाय तुम्ही. आणि सोडलंत तर खबरदार!"