टॅपलींच्या दुकानाचा जिना

हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावच्या बाजारपेठेत, मान वर करून चालायची कुणाला सवय नसते. लोक बघतात ते काचेतले बूट, काचेतले केक, फार तर काचेतलं आपलंच तोंड. त्याच्यावर दोन मजले आहेत, तिथे काय चाललंय, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. क्लिफर्ड टॅपलीलाही नव्हतं, आणि ते मजले तर त्याच्याच मालकीचे होते.

हॅलब्रिजमधलं टॅपलींचं बुटांचं दुकान आजोबांपासूनचं. समोरून ताठ लाल विटांची भिंत आणि उंच खिडक्या, पण तो थाट नंतरचा. मागचं घर त्याहून कितीतरी जुनं, ओकच्या तुळयांचं. कुण्या हौशी मालकाला लाकडाची लाज वाटली म्हणून त्याने पुढे विटांची भिंत चढवून घेतली. सगळी गल्लीच तशी, पुढून साहेब आणि मागून शेतकरी.

क्लिफर्डचं लग्न नवं होतं तेव्हा ग्लेनिसने शोकेस सजवायचं काम अंगावर घेतलं. "एवढ्याशा जागेत मी मांडू तरी काय? घोड्याचे नाल?" असं ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली. नव्या नवऱ्याला तेवढं पुरलं. बाजूचं दार, बोळ आणि वर जाणारा जिना, भिंतीसकट सगळं त्याने काढून टाकलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड काच बसवली. वरची ओल कुणाला हवी होती! दोघं बंगलीत राहायला गेली, दुकानाचं छत सपाट बंद झालं. पुढे निम्म्या गल्लीने तेच केलं. ग्लेनिसची नाताळची शोकेस बघायला आसपासच्या गावांतून लोक बसने यायचे, हे मात्र खरं.

आता दुकानाच्या एका बाजूला वाफेच्या सिगारेटी मिळतात आणि दुसऱ्या बाजूला, जुन्या कपड्यांच्या दुकानात, मेलेल्या माणसांचे कोट. क्लिफर्डचे गुडघे गेले आहेत. टाळं लावायचंच ठरलं होतं, तेवढ्यात लीड्सहून मुलीचा, हेदरचा, फोन आला. नवरा सोडून गेल्यापासून ती भाड्याच्या खोलीत राहत होती.

"वर राहण्यासारखं झालं तर मी येते, बाबा. दुकानही बघते. पण इथे मला कायमची नोकरी देतायत, सोमवारी उत्तर द्यायचंय."

"ये गं तू! जिना काय, आठवड्यात घालतो," क्लिफर्ड म्हणाला. त्या रात्री ग्लेनिसने दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा प्यायची विसरली.

कॉलिन गवंड्याने दुकानाच्या छताला भोक पाडलं आणि शिडी लावली. ग्लेनिस नको नको म्हणत असताना क्लिफर्ड त्याच्या मागोमाग चढला.

वर कबुतरांचं राज्य होतं. चुलाण्यावर आईची पांढरी किटली अजून होती आणि तिच्यात घरटं होतं. छपराची पन्हळ तुंबून केव्हाचीच फुटली होती, कोपऱ्यात चक्क झुडूप वाढलं होतं. कॉलिन पुढच्या भिंतीशी गुडघ्यावर बसला आणि त्याने जमीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. क्लिफर्डने वाकून पाहिलं. खाली रस्ता दिसत होता.

"अरे, हे तर बिल खाटकाचं टक्कल!" तो हसला.

कॉलिन हसला नाही. "जिन्याची भिंत कुठे होती, क्लिफर्ड?"

"ही इथेच. का रे?"

"पुढची भिंत तिलाच बांधलेली होती. ती तुम्ही काढलीत. मग पन्हळीचं पाणी मुरलं, तुळयांची टोकं कुजली. आता ही भिंत कशालाच धरून नाही, नुसती सवयीने उभी आहे."

"बरं, मग जिना कुठून घ्यायचा?"

"कसला जिना! खाली चला आधी. मला कौन्सिलला फोन करायचाय. ही रस्त्यावर आली तर माणसं मरतील."

दुपारपर्यंत कौन्सिलची माणसं आली. अधिकारी बाई गोड होत्या. इमारत ऐतिहासिक, म्हणून पाडता येणार नाही. धोकादायक, म्हणून उघडता येणार नाही. आणि भिंत उतरवून जशीच्या तशी पुन्हा बांधायची ती मालकाने. क्लिफर्डचं सगळं विकलं असतं तरी ते होणारं नव्हतं. बाईंनाही ते कळत होतं. त्यांनी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं.

नवरा-बायको समोरच्या बाकावर बसून बघत राहिली. कामगार भिंतीला टेकू लावत होते आणि शोकेसवर फळ्या ठोकत होते. आत शाळेचे बूट होते आणि ग्लेनिसने कालच कागदाची तांबडी पानं कापून लावली होती.

"काय म्हणाला कॉलिन?" ग्लेनिसने विचारलं.

"पन्हळ. कबुतरांनी तुंबवली, मेल्यांनी."

"हं." तिने पर्समधून फोन काढून लीड्सला लावला. "हेदर, तू ती नोकरी घे, बाळा... नाही गं, बाबा ठीक आहेत. जिना बसत नाही म्हणतात."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. शेवटची फळी बसली आणि पानं दिसेनाशी झाली.

"छताला भोक पाडलं होतंत ना," ती म्हणाली. "मी शिडी धरून खालीच उभी होते, क्लिफ. सगळं ऐकू येत होतं, जिन्याच्या भिंतीचंही."

क्लिफर्डने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.